चव नोंदवही, मुक्काम हनोई

माझ्या आयुष्यातला पहिला परदेशी पदार्थ मी चौथ्या वर्षी खाल्ला. अमेरिकेची मिलो. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर ही लाल ज्वारी आली. आई तिच्या भाकरी थापायची आणि भाकरी गार झाली की तिची वहाण शिवता आली असती, असं ती अजून सांगते. मला चव काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ताटात तुकडा राहिला तर धपाटा मिळायचा. दह्यासोबतचा नव्हे, पाठीतला.

दुसरा परदेशी पदार्थ खायला त्रेपन्न वर्षं गेली. (चायनीजची गाडी मी परदेशात धरत नाही. ती आमच्या लातुरात औसा रोडला उभी असते आणि गाडीवाल्याला मी लहानपणापासून ओळखतो.) निवृत्तीला वर्ष राहिलं, लग्नाला तीस वर्षं झाली, बायकोच्या शाळेला दिवाळीची सुट्टी लागली आणि पुण्याला असलेल्या पोरानं व्हिएतनामची तिकिटं काढून हातात ठेवली. म्हणाला, "बाबा, तिथं जाऊन बघणार काय काय?"

मी म्हणालो, "बघायचं काहीच नाही. बघायला आपल्याकडं वेरूळ-अजिंठा आहे आणि तेही शाळेच्या सहलीनंतर बघितलं नाही. आम्ही खायला चाललोत."

मेहुण्यांना कळलं तसा त्यांचा फोन आला. "दाजी, तिथं साप खातात म्हणं."

"यादीत नाही," मी म्हणालो.

यादीचं सांगायला पाहिजे. मी सहकार खात्यात लेखापरीक्षक. सोसायट्यांची दप्तरं तपासता तपासता केस पांढरे झाले. कागदावर आल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही. तेव्हा दोन महिने रोज रात्री व्हिडिओ बघून मी एक्सेलमध्ये तक्ता केला. अनुक्रमांक, पदार्थ, गल्ली, वेळ, अंदाजे खर्च, शेरा. सात दिवसांच्या सहलीतले पहिले तीन हनोईचे, आणि त्या तीन दिवसांत पदार्थ एकतीस. प्रिंट काढली, तीन प्रती. एक माझ्या खिशात, एक बायकोच्या पर्समध्ये, एक बॅगेत, पहिल्या दोन हरवल्या तर.

बायकोनं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "पचवायचं कुठल्या रकान्यात?"

तेव्हाच मी थांबायला हवं होतं, कारण ही साधी बाई नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि वीसेक वर्षं तिच्याकडं पोषण आहाराचं काम आहे. शाळेतली खिचडी पोरांच्या ताटात पडायच्या आधी शिक्षकानं ती चाखायची असते आणि चव नोंदवहीत शेरा लिहून खाली सही ठोकायची असते. म्हणजे सही-शिक्क्यानिशी चव घेण्याचा दोन दशकांचा अनुभव असलेली व्यक्ती माझ्या घरात भाकरी थापत होती, आणि मी यादी केली ती यूट्यूबवरच्या पोरांना विचारून.

घरचं काही न्यायचं नाही, हा नियम मीच केला होता. चटणी नाही, धपाटे नाहीत, चिवडा नाही. तिनं नियम तंतोतंत पाळला. बॅगेत फक्त तीन गोष्टी जास्तीच्या ठेवल्या: चाळीस पानी वही, ओव्याची पुडी आणि स्टीलचा एक रिकामा डबा.

"रिकामा डबा कशाला?"

"रिकामाच आहे ना? मग?"

विमानतळावर मी जाहीर केलं, की मी तिथं कशालाच नाही म्हणणार नाही. फक्त गोमांस सोडून.

"आणि शेपू," ती म्हणाली.

शेपू. हो. ते एक आहेच. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला उदगीरला सासुरवाडीत माझ्या ताटात मुगाची डाळ घातलेली शेपूची भाजी पडली. जन्मात ताटात कण न टाकलेल्या माणसानं ती भाजी वाटीखाली सारली आणि वाटीवर हात ठेवून बसला. सासूबाईंनी वाटी उचलली. पुढचं सांगत नाही. तेव्हापासून आमच्यात करार आहे: मी दौऱ्यावर गेलो की घरात शेपू शिजतो. परत आलो की उंबऱ्यातच वासावरून कळतं, माझ्या गैरहजेरीत कोण येऊन गेलं.

हनोईत उतरलो तेव्हा बुधवारची सकाळ होती. तिथलं घड्याळ आपल्यापुढं दीड तास, त्यामुळं पोटाच्या हिशोबानं अजून पहाटच होती. विमानतळावर वीसेक हजार रुपयांचे डॉलर दिले आणि जवळजवळ साठ लाख डोंग हातात आले. एका रुपयाला साधारण तीनशे. आयुष्यभर दुसऱ्यांचे लाख मोजले, हे पहिल्यांदाच स्वतःचे. सगळ्या नोटांवर हो चि मिन्ह, आणि २०,००० ची नोटही निळी, ५,००,००० ची नोटही निळी. पहिल्याच पाण्याच्या बाटलीला मी पाच लाख दिले. दुकानदारीणबाईनं नोट माझ्या डोळ्यांपुढं धरली, शून्यांवरून बोट फिरवलं आणि परत दिली. लेखापरीक्षकाचं लेखापरीक्षण. बायको दुसरीकडं बघत उभी राहिली, पण तिचे खांदे हलत होते.

खोली मिळायला दुपार होणार होती. बॅगा टाकल्या आणि थेट अनुक्रमांक एक: फो.

जुन्या हनोईत फुटपाथ म्हणजे हॉटेल. त्यावर प्लास्टिकची बुटकी स्टुलं, आमच्या अंगणवाडीत असतात तसली. मला पाटावर बसायची सवय आहे, असं मी मनाशी म्हणालो. पण पाटावर मांडी घालता येते. इथं मांडी घालायला जागा नाही, पाय पसरायला रस्ता आहे पण त्या रस्त्यावरून हजार स्कूटर जातात. शेवटी गुडघे कानापाशी घेऊन बसलो. नमस्कार घालायच्या आधीची अवस्था.

व्हिएतनामी रोमन अक्षरांत लिहितात, वर-खाली टोप्या, शेपट्या आणि टिंबं लावून. त्यामुळं आपल्याला वाचता येतंय असं वाटतं. बायकोनं पाटी वाचली, "फो गा," आणि स्टुलावरून उठलीच. "चला. गाईचं आहे."

"अगं, गा म्हणजे कोंबडी. गाईला बो म्हणतात."

"मग गाय म्हणलं तर?"

हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी हॉटेलातल्या काउंटरवरच्या मुलीला विचारलं. ती हसली आणि म्हणाली, त्यांच्या भाषेत गाय म्हणजे मुलगी. बायकोला मी सांगितलं. ती म्हणाली, "त्यात नवीन काय? आमच्या घरच्यांनी पण तुमच्याकडं हेच सांगून दिली होती, पोरगी गाय आहे."

फो आला. वाडगा नव्हे, घमेलंच. भातापासून केलेल्या पांढऱ्या चपट्या शेवया, वर कोंबडीचे काप, पातीचा कांदा, आणि वाफाळता, तळ दिसेल इतका नितळ रस्सा. आमच्याकडं रस्सा नितळ असला तर पाहुणे उठून जातात. पण वास घेतला आणि थबकलो. भाजलेलं आलं, भाजलेला कांदा, खड्या मसाल्याची मंद ऊब. आमच्या लग्नातल्या मटणाच्या पातेल्यावरचं झाकण क्षणभर उघडावं आणि लगेच मिटावं, तेवढाच मसाला. तिखट पाहिजे तर शेजारी मिरचीचे काप आणि व्हिनेगरात मुरवलेला लसूण. मी मिरची घातली. अजून घातली. दुकानदार येऊन बघून गेला.

बायकोनं चार घास शेवया, दोन काप, आणि सगळा रस्सा घेतला. मग वाडगा माझ्याकडं सरकवला.

इथं या सहलीची खरी अडचण सुरू होते. तिनं सरकवायचं आणि मी संपवायचं, ही आमची तीस वर्षांची पद्धत. ताटात टाकायचं नाही, हे माझ्या पाठीवर कोरलेलं आहे. यादी करताना मी खर्च धरला, अंतर धरलं, गर्दीची वेळ धरली. पण प्रत्येक पदार्थ मला दीड खावा लागणार आहे, हे धरलंच नाही. एकतीस पदार्थ म्हणजे माझ्या नावावर साडेसेहेचाळीस.

तिनं पर्समधून चाळीस पानी वही काढली आणि लिहिलं. मी वाकून वाचलं. "दि. ५. फो (कोंबडी). रस्सा उत्तम. तिखट निरंक. ह्यांनी सात मिरच्या घेतल्या." खाली सही.

"ही वही कशाला?"

"तुमचा तक्ता कशाला?"

दहा वाजता अंड्याची कॉफी. १९४६ साली हनोईच्या मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन व्हान जांग नावाच्या माणसानं ही काढली. दुधाची टंचाई, म्हणून त्यानं अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला. पुढं त्यानं स्वतःचं दुकान टाकलं, ते त्याच्या घरच्यांनी चालवत ठेवलंय. टंचाईतून पदार्थ निघतो हे लातूरकरांना कुणी सांगायची गरज नाही. घरात भाजी नसली की येसराची आमटी होते, तिला कुणी गरीब म्हणत नाही. एवढासा कप, गरम पाण्याच्या वाटीत उभा केलेला, वर बोटभर पिवळा फेस. चमच्यानं खाल्ला तर श्रीखंडाचा चुलतभाऊ. बायकोनं फेस संपवला आणि खालची कडू कॉफी माझ्याकडं सरकवली. नोंद: "वरचा भाग गोड, लाभार्थी मी. कॉफी खाली सापडली, ती ह्यांना दिली."

साडेअकराला बुन चा. हे दुपारचंच जेवण, संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी संपलेलं असतं, म्हणून वेळेचा रकाना लाल केलेला. कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस, तेही माशाच्या आंबट-गोड पाण्यात पोहत आलेलं. डुकराला बायकोचा ठाम नकार, ती समुद्रातल्या मालाचे तळलेले रोल घेणार होती. माझाही जीव जरा मागं-पुढं झाला, पण या दुकानात २०१६ च्या मे महिन्यात बराक ओबामा येऊन बसले होते, अशाच बुटक्या स्टुलावर, टीव्हीवर देशोदेशीचं खाणं दाखवणाऱ्या अँथनी बोर्डेनसोबत. दोघांचं जेवण सहा डॉलरात झालं आणि पैसे बोर्डेननं दिले. ते टेबल दुकानवाल्यांनी काचेत बंद करून ठेवलंय, वाडगे-चॉपस्टिकसकट. आमच्याकडं पुढारी जेवून गेले की टेबल नाही, उधारी जपून ठेवावी लागते.

सोबत पालेभाजीचा भारा आला. पुदिना, कोथिंबीर, तुळशीसारखं काही, जांभळ्या पाठीची पानं, लेट्यूस, सगळं कच्चं. मी म्हणालो, "इतका कडबा?" बायकोनं मात्र एक काडी उचलली, चुरगळली, वास घेतला. आमच्या जिल्ह्यातल्या कास्तीच्या कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन आहे आणि बायको बाजारात जुडी घेताना ते मानांकन स्वतः देते. "बरी आहे," ती म्हणाली. "पण आपली नाही." मग तिनं जवळजवळ सगळा भारा खाल्ला, एक एक पान ओळखत. डुकराचे दोन वाडगे, दोघांच्या शेवया आणि उरलेला एक रोल कुणी खाल्ला हे सांगायला नको.

दुपारी तीन वाजता मी हॉटेलच्या पलंगावर आडवा होतो आणि छताचा पंखा माझ्याकडं दयेनं बघत होता. एकतीसपैकी तीन. वेळापत्रकानुसार सहा व्हायला हवे होते. मी उठायला गेलो तर पोट आधी उठलं आणि मी मागं राहिलो.

"खाऊलालाव का तपासूलालाव?" बायकोनं विचारलं. उदगीरची आहे. रागावली किंवा फार मजा आली की भाषा तिकडची होते. त्या वेळी दोन्ही होतं. तिनं पुडीतून चिमूटभर ओवा माझ्या तळहातावर ठेवला. मी म्हणालो, घरचं काही आणायचं नाही असं ठरलं होतं. ती म्हणाली, "हे खाणं नाही, औषध आहे. यादीत बघा, आहे का?"

संध्याकाळी काही खायचं नाही, नुसतं फिरायचं, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. जुन्या हनोईला छत्तीस गल्ल्यांचं शहर म्हणतात. पूर्वी एकेका धंद्याची एकेक गल्ली होती आणि नावं अजून तीच आहेत: हांग बाक चांदीची, हांग दुओंग साखरेची, हांग मुओइ मिठाची. हांग मा कागदी वस्तूंची, तिथं आजही कागदी कंदील आणि पितरांसाठी जाळायचा कागदी संसार मिळतो. इतर पाहुणे नकाशा फिरवत उभे होते. आम्हाला नकाशा लागला नाही. ज्याला लातूरच्या बाजारातले, गंजगोलाईचे सोळा रस्ते पाठ आहेत, सराफा कुठं संपतो आणि मिरची-गूळ कुठं लागतो हे नाकानं कळतं, त्याला ही छत्तीस म्हणजे सव्वादोन गोलाई. फक्त मधोमध अंबाबाईचं देऊळ नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवार गाणगापूरच्या दत्ताचा, बायको त्या दिवशी मांस-मासे-अंडं शिवत नाही. तक्ता करताना मी वार बघितला नव्हता. अनुक्रमांक १२ ते २१, सगळे मांसाहारी. तिच्या पेनाच्या एका रेघेनं दहा ओळी गेल्या. ज्या सफाईनं मी सोसायट्यांच्या बनावट पावत्या उडवतो, त्याच सफाईनं.

सकाळी तिला चहा हवा होता. फुटपाथवरच्या टपरीत जाऊन तिनं चाय मागितली. बाईनं मान डोलावली आणि थोड्या वेळानं तळलेलं टोफू, भात आणि पालेभाजी आणून ठेवली. बायको म्हणाली, "नो, नो. चाय." बाई म्हणाली, "चाय, चाय!" आणि टोफूकडं बोट दाखवलं. हे तीन वेळा झालं. तिसऱ्यांदा मशरूमची एक वाटी वाढली. दोघीही हट्टाला पेटलेल्या, दोघीही एकच शब्द म्हणतायत आणि टेबल भरत चाललंय.

काउंटरवरची मुलगी पुन्हा कामाला आली. त्यांच्याकडं चाय म्हणजे शाकाहारी. चहाला नुसतं चा म्हणतात. बायको स्तब्ध झाली. म्हणाली, "आमची आजी चाच म्हणायची. शाळेत पोरं चा म्हणली की मी तीस वर्षं दुरुस्त करत आले." मग तिनं टपरीवाल्या बाईला अगदी आजीच्या सुरात सांगितलं, "चा." तत्क्षणी दोन पेले आले, कोऱ्या हिरवट चहाचे. दूध नाही, साखर नाही. नोंदवहीत शेरा: "चा मिळाला. चहा अजून नाही."

पण टोफूचं ताट तिनं परत पाठवलं नाही. चाखलं, पुन्हा चाखलं, आणि बसून जेवली. तिथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, हे कळल्यावर तर तिचा चेहराच खुलला. "म्हणजे अमावस्या-पौर्णिमा करतात की! मग परके कसले?" दुपारी एका शाकाहारी खाणावळीत नेलं तर तिथं ताटात कोळंबी. शेपूट, वळ्या, तांबूस कड, सगळं. बायकोनं खुर्ची मागं सारली. वेटर छातीवर हात ठेवून सांगतोय "चाय, चाय," आणि आता हिला त्याचा अर्थ कळतो तरी विश्वास बसत नाही. पिठाची केलेली कोळंबी होती. शेवटी मी चाखून खात्री दिली. गुरुवार माझाही होता, पण सरकारी कामात कुणीतरी जबाबदारी घ्यावी लागते.

आणि त्याच दिवशी डबा बाहेर निघाला. खाणावळीत अर्धं ताट उरलं, तिनं वाडगा नेहमीप्रमाणं माझ्याकडं सरकवला नाही. पर्समधून डबा काढला, उरलेलं भरलं, झाकण लावलं. वीस वर्षं खिचडी उरली की कुठं जाते याचा हिशोब ठेवलेली बाई. मी म्हणालो, "हे काल का नाही केलंस?" ती म्हणाली, "काल तुम्ही विचारलं नाही. तुमचा तक्ता चालू होता."

संध्याकाळी तळ्याच्या काठानं खांद्यावर कावड घेतलेली एक म्हातारी आली. दोन टोपल्यांत कमळाच्या पानात बांधलेल्या पुड्या, वर भाताच्या काडीची गाठ. तिनं एक सोडून दाखवली. आत पोपटी, चपटे, ओलसर दाणे. कोवळा चिकट भात भाजून, कांडून केलेला. याला कोम म्हणतात, हा शरदातला मेवा. चिमूटभर तोंडात टाकला आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"हुरडा," ती म्हणाली.

हुरडाच. ज्वारीच्या जागी भात, आगटीच्या जागी कढई, एवढाच फरक. तीच दुधाळ, कोवळी, किंचित गोड चव. म्हातारीला सांगावंसं वाटत होतं, की बाई, आमच्याकडं हे थंडीत करतात, शेतात बसून, गोवऱ्यांच्या आरावर, तिळाची चटणी लावून. पण मला गा, बो, चा आणि चाय एवढंच येत होतं आणि त्यात हुरडा बसत नव्हता. दोन पुड्या घेतल्या. हा पदार्थ यादीत नव्हता. रात्री मी पेन्सिलनं मध्ये ओळ घातली: २१अ.

शुक्रवार. अनुक्रमांक २२, तक्त्यातला सगळ्यात महागडा: माणशी दोन लाखांच्या आसपास, डोंगच पण छातीत धस्स होतंच. चा का. माशाचा हा पदार्थ एवढा गाजला की रंगाच्या गल्लीचं नाव बदलून त्याचंच दिलं. पाटी वाचून बायको म्हणाली, "चा का? घेऊ की!" तिला वाटलं अखेर कुणीतरी विचारलं.

टेबलावर शेगडी आली, तिच्यावर तवा, तव्यात हळदीत माखलेले माशाचे तुकडे चरचरायला लागले. भोवती वाट्या: पांढऱ्या शेवया, भाजलेले शेंगदाणे, कोथिंबीर, मिरची, आणि एका वाटीत जांभळट दाट चटणी. पोऱ्यानं त्यात लिंबू पिळलं, फेस येईपर्यंत घोटलं. शेंगदाणे आहेत, हळद आहे, म्हणजे चटणीही आपल्यातलीच असणार असं धरून मी माशाचा तुकडा तीत नखशिखांत बुडवला आणि तोंडात घातला.

ती माम तोम. मीठ लावून आंबवलेली कोळंबी. आम्ही मराठवाड्याची माणसं, मासा म्हणजे धरणातला, रोहू नाहीतर मरळ, सुकट सुद्धा पाहुण्यासारखी कधीतरी. हा वास नाकात शिरला नाही, नाकानं राजीनामा दिला. डोळ्यांतून पाणी, कानात गरम हवा. थुंकायचं तर चारी बाजूंना लोक. गिळायचं तर घसा हात जोडतोय. आणि ताटात टाकायचं नाही.

त्याच क्षणी पोऱ्यानं हिरव्या पाल्याची परात आणली आणि तव्यात ओंजळच्या ओंजळ लोटली. मी बघितलं नाही काय आहे. पाला आहे, एवढं पुरे होतं. तव्यातून चॉपस्टिकनं, मग चॉपस्टिक टाकून बोटांनी, मी तो मूठभर उचलला आणि तोंडात कोंबला. चावला. माम तोमचा वास हलला. आणखी मूठ. वास मागं सरला, हळदीचा मासा पुढं आला, शेंगदाणा लागला, मागून एक हिरवा, किंचित उग्र, गोडसर असा सुगंध. तो पाला मला आवडला. पोऱ्याला खुणेनं अजून मागवला. तिसरी परात आल्यावर माझं लक्ष बायकोकडं गेलं. ती जेवत नव्हती. दोन्ही कोपर टेबलावर टेकून माझ्याकडं बघत होती.

"काय झालं?"

"काही नाही. खा."

मी हातातल्या काड्यांकडं बघितलं. बारीक, केसासारखी पानं. वास घेतला. या वेळी नीट.

"हे..."

"हं."

काउंटरवरच्या मुलीनं रात्री त्याचं तिथलं नाव सांगितलं: थी ला. त्याची गोष्टही सांगितली. देवानं सगळ्या झाडापाल्यांना नावं वाटली, हा उशिरा पोचला. नावं संपली होती. देव विचार करत पुटपुटला, "तुझं नाव म्हणजे... म्हणजे..." आणि हा तेवढंच नाव समजून आनंदानं पळत गेला. मला त्या रोपाबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. पण ते रात्री. त्या वेळी टेबलाशी मी एवढंच म्हणू शकलो, "इथला वेगळा असेल. हवामान."

"असेल," ती म्हणाली. "तीन हजार किलोमीटर लांबचा आहे. चार लाख डोंगाचा. वेगळा असणारच. मी दहा रुपयाची जुडी आणते."

तिनं उरलंसुरलं भरायला डबा काढला, झाकण उघडलं, तव्यात डोकावली आणि झाकण पुन्हा लावलं. मग वही उघडली. मी यादीतला २२ वर बरोबरची खूण करत होतो, तरी डोळा तिच्या पानावर होता. सुरेख शिक्षकी अक्षरात तिनं लिहिलं:

"दि. ७. मेनू: शेपू. लाभार्थी: १. वाढप: तीन वेळा. शिल्लक: निरंक."

सही केली आणि वही माझ्यापुढं सरकवली. "तपासणी अधिकाऱ्याची सही इथं," ती म्हणाली.